पालेर्मोचा दुपारचा पेपर

1958 च्या ऑक्टोबर महिन्यात, सिसिलीची राजधानी पालेर्मो इथे दुपारी टपऱ्यांवर आलेल्या एका दैनिकाच्या पहिल्या पानावर एका तिशीतल्या माणसाचा फोटो होता आणि वर एकच शब्द ठळक छापला होता: ‘धोकादायक’. फोटोतला माणूस कोर्लेओने या डोंगरी गावचा लुचानो लिज्जो. (खरं आडनाव लेज्जो, पोलिसांच्या कागदांत ते चुकीचं लिहिलं गेलं आणि जगभर तसंच रूढ झालं.) दोनच महिन्यांपूर्वी, 2 ऑगस्टला, त्याच्या टोळीने गावचा सर्वेसर्वा डॉक्टर मिकेले नावार्रा याच्या मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव करून त्याला संपवलं होतं. हे गावाला ठाऊक होतं, पोलिसांनाही ठाऊक होतं. पण माणसाचं नाव, त्याचा फोटो आणि ‘माफिया’ हा शब्द हे तिन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी छापण्याची रीत सिसिलीत नव्हती.

19 ऑक्टोबरला, पहाटे पाचच्या सुमारास, त्या दैनिकाच्या इमारतीत स्फोट झाला. सुमारे पाच किलो टीएनटी. छापखान्याचं बरंच नुकसान झालं. माणूस मात्र कोणी मेला नाही. दुसऱ्या दिवशीच्या अंकाचा मथळा असा होता: माफिया आम्हाला धमकावते आहे, तपास चालू राहील.

तपास चालू राहिला.

या दैनिकाचं नाव ‘लोरा’. इटालियनमध्ये ‘ओरा’ म्हणजे तास, घटका; आणि नुसतं ‘ओरा’ म्हटलं तर ‘आत्ता’. दुपारच्या पेपरला याहून चपखल नाव सापडणं कठीण. त्याचा खप कधीच फार मोठा नव्हता. बेटावरचं जुनं, भारदस्त दैनिक होतं ‘जोर्नाले दि सिचिलिया’. ते 1860 पासून निघत होतं आणि सकाळी घरोघरी पोचत होतं. ‘लोरा’ दुपारी यायचा, धाकट्या भावासारखा, थोडा अस्ताव्यस्त आणि मोठ्या आवाजात बोलणारा. तरीही विसाव्या शतकातल्या सिसिलीचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला आधी या धाकट्या भावाच्याच फायली उघडाव्या लागतात.

त्याचा जन्म मात्र अगदी वेगळ्या घरात झाला. पहिला अंक निघाला 22 एप्रिल 1900 रोजी आणि त्यामागे पैसा होता फ्लोरिओ घराण्याचा. फ्लोरिओ म्हणजे त्या काळच्या सिसिलीतले कुबेर. जहाजं त्यांची, मार्सालाची मद्यं त्यांची, फाविन्याना बेटावरचे टूना मासळी डबाबंद करण्याचे कारखाने त्यांचे. पुढे मोटारशर्यतींच्या शौकिनांना ठाऊक असलेली ‘तार्गा फ्लोरिओ’ ही शर्यत 1906 मध्ये याच घरातल्या एकाने सुरू केली. पहिले संपादक विन्चेंझो मोरेल्लो. बाल्झाकच्या कादंबऱ्यांतल्या पात्रावरून घेतलेल्या ‘रास्तिन्याक’ या टोपणनावाने ते लिहीत. पेपर देखणा होता, त्याला युरोपची हवा लागलेली होती, आणि मोठमोठे साहित्यिक त्यात लिहीत.

आणि माफियाबद्दल? इथे एक गंमत आहे, कडवट गंमत. 1893 मध्ये बांको दि सिचिलियाचे माजी संचालक एमानुएले नोतारबार्तोलो यांना धावत्या रेल्वेत भोसकून मारलं गेलं. संशय गेला खासदार रफाएले पालित्सोलो याच्यावर. खटला सिसिलीत नीट चालणार नाही म्हणून तो उत्तरेत नेला गेला आणि 1902 मध्ये बोलोन्याच्या न्यायालयाने पालित्सोलोला दोषी ठरवलं. त्यावर सिसिलीतल्या प्रतिष्ठितांनी गहजब केला: हा आमच्या बेटाचा अपमान आहे, उत्तरेकडचे लोक आम्हाला बदनाम करताहेत. फ्लोरिओंचा ‘लोरा’ तेव्हा या गहजब करणाऱ्यांच्या बाजूला होता. 1904 मध्ये फ्लोरेन्सला फेरखटला झाला आणि पालित्सोलो सुटला. पुढे ज्या पेपरने ‘माफिया’ या शब्दासाठी स्फोट सोसला, त्याच पेपरने बालपणी ‘माफिया ही परक्यांनी रचलेली बदनामी आहे’ या सुरात सूर मिसळला होता. वर्तमानपत्राला आत्मा असतो असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. निदान ‘लोरा’चा आत्मा तरी मालक आणि संपादक बदलले तसा बदलत गेला.

फ्लोरिओ बुडाले. फॅसिस्टांच्या राज्यात, 1926 मध्ये, पेपर काही काळ बंद पडला आणि परत आला तो सरकारी सुरात गाणारा होऊन. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. दोस्त राष्ट्रांच्या फौजा 1943 च्या जुलैत सिसिलीत उतरल्या, छपाई थांबली, आणि 1946 मध्ये पेपर पुन्हा सुरू झाला.

खरी गोष्ट सुरू होते 1954 पासून. त्या वर्षी इटालियन कम्युनिस्ट पक्षाने, आपल्याशी संबंधित प्रकाशनसंस्थेमार्फत, ‘लोरा’ विकत घेतला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला संपादकाच्या खुर्चीवर बसला व्हित्तोरिओ निस्तिको. वय पस्तिशीचं, गाव सिसिलीत नव्हे तर समोरच्या कालाब्रियातलं. तो 1975 पर्यंत, वीस वर्षं, त्या खुर्चीवरून हलला नाही. पक्षाचा पेपर म्हटला की डोळ्यांसमोर ठरावांचे मसुदे आणि नेत्यांची भाषणं येतात. निस्तिकोने ते होऊ दिलं नाही. त्याच्या कचेरीत कम्युनिस्ट होते, कॅथलिक होते, कुठल्याच पक्षात न बसणारे होते. आणि एक जण तर मुसोलिनीच्या शेवटच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने, ‘देचिमा मास’ या कुख्यात दलातून लढलेला. त्याच्याकडे आपण येऊच.

दुपारच्या पेपरचं गणित समजून घेतल्याशिवाय ‘लोरा’ समजत नाही. सकाळचा पेपर रात्री बंद होतो. त्यामुळे रात्री उशिरा किंवा पहाटे जे घडतं, ते त्याच्या वाचकाला चोवीस तास शिळं मिळतं. दुपारच्या पेपरचा बातमीदार सकाळी बाहेर पडतो, पोलीस ठाणं, इस्पितळ, न्यायालय असा फेरा मारतो, धावत परत येऊन मजकूर देतो, आणि त्याच दिवशी जेवणाच्या सुमारास शाई ओली असलेला अंक रस्त्यावर येतो. पालेर्मोत सकाळी पडलेलं प्रेत दुपारी वाचकाच्या हातात असायचं. अशा कामाला तरुण, चपळ आणि थोडी वेडी माणसं लागतात, आणि निस्तिको ती गोळा करत राहिला. मार्चेल्लो सोर्जी, फ्रान्चेस्को ला लिकाता, अत्तिलिओ बोल्झोनी ही इटलीच्या राष्ट्रीय पत्रकारितेतली पुढची मोठी नावं या शाळेतून बाहेर पडली. लिओनार्दो शाशा आणि विन्चेंझो कोन्सोलो हे लेखक इथे लिहीत, रेनातो गुत्तूझोसारखा चित्रकार चित्रं देई. पगार बेताचे, तेही कधी कधी उशिरा.

लिज्जोचा फोटो जिच्यात आला ती 1958 ची माफियावरची लेखमाला म्हणजे निस्तिकोच्या माणसांनी बेटभर हिंडून केलेलं काम. फेलिचे किलांती हा अनुभवी पत्रकार त्याचा म्होरक्या. सोबत मारिओ फारिनेल्ला, मिकेले पान्तालेओने आणि इतर. पाणी कोण विकतं, जमिनीची राखण कोणाकडे, मंडईत भाजीचा भाव कोण ठरवतो, निवडणुकीत मतं कोण फिरवतं, असे त्यांचे प्रश्न होते. उत्तरं नावानिशी छापली गेली. सिसिलीत अशा बाबतीत तोंड न उघडण्याच्या रिवाजाला ‘ओमेर्ता’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘अळीमिळी गुपचिळी’चाच तो प्रकार, फरक इतकाच की तिथे खेळ मोडणाऱ्याला गोळी मिळायची.

आजच्या वाचकाला प्रश्न पडेल, माफिया आहे हे सांगण्यात एवढं काय शौर्य? तर त्या काळी ती आहे हेच मान्य नव्हतं. गुन्हे होतात, गुन्हेगार आहेत, खेड्यापाड्यांत जुनी वैरं आहेत. संघटना वगैरे काही नाही, असं अधिकारी सांगत, मंत्री सांगत. चर्चही सांगे. 1964 मध्ये पालेर्मोचे आर्चबिशप कार्डिनल एर्नेस्तो रुफिनी यांनी भाविकांना उद्देशून एक पत्र काढलं. त्यात सिसिलीच्या बदनामीची तीन कारणं दिली होती: माफियाबद्दलचा गाजावाजा, लाम्पेदूझाची ‘इल गात्तोपार्दो’ ही कादंबरी आणि समाजसेवक दानिलो दोल्ची. आदल्याच वर्षी, 30 जून 1963 रोजी, पालेर्मोच्या वेशीवरच्या चाकुल्ली इथे बेवारस मोटारीतल्या स्फोटकांनी सुरक्षादलांचे सात जवान मेले होते. इटालियन दंडसंहितेत ‘माफिया पद्धतीची संघटना’ हा स्वतंत्र गुन्हा आला तो 1982 मध्ये. म्हणजे ‘लोरा’च्या त्या मथळ्यानंतर चोवीस वर्षांनी, आणि तेही खासदार पिओ ला तोर्रे व जनरल दाल्ला किएझा यांचे खून पडल्यावर.

लेखमालेनंतर पेपरचा रोख शहराकडे वळला. पन्नाशीच्या शेवटी आणि साठीच्या सुरुवातीला पालेर्मोत जे घडलं त्याला इटालियन लोक ‘पालेर्मोची लूट’ म्हणतात. महापौर साल्वो लिमा आणि नगरपालिकेचं बांधकाम खातं सांभाळणारा व्हितो चान्चिमीनो यांच्या काळात चार हजारांवर बांधकाम परवाने निघाले आणि त्यांतले बहुतेक जेमतेम पाच जणांच्या नावावर होते. ही माणसं बांधकाम व्यावसायिकही नव्हती. नुसती सहीपुरती नावं. 1959 च्या नोव्हेंबरातल्या एका रात्री विला देलिएल्ला हा एर्नेस्तो बाझिलेने बांधलेला नामांकित वाडा पाडायला घेतला गेला. संरक्षित वास्तू म्हणून कोणी हरकत घेण्याआधी काम उरकायचं होतं. लिंबू-संत्र्यांच्या बागांवर काँक्रीटच्या चाळी उभ्या राहिल्या. ‘लोरा’ हे सगळं नावं घेऊन छापत राहिला, अब्रूनुकसानीचे दावे झेलत राहिला. चान्चिमीनो तरीही 1970 मध्ये महापौर झाला, थोडेच महिने का होईना. त्याच्या माफियाशी असलेल्या संबंधांवर न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला 1992 उजाडलं.

आता त्या ‘देचिमा मास’वाल्या माणसाकडे येऊ. माउरो दे माउरो, जन्म 1921, नामवंत भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरोचा थोरला भाऊ. फॅसिस्टांच्या बाजूने लढलेला हा गडी युद्धानंतर पालेर्मोत आला आणि कम्युनिस्टांच्या पेपरातला सर्वांत तिखट बातमीदार झाला. 1962 मध्ये त्याने एक जुनं दप्तर उजेडात आणलं: मेल्किओर्रे आल्लेग्रा नावाच्या डॉक्टरने 1937 मध्ये पोलिसांपुढे दिलेला जबाब. आल्लेग्रा स्वतः माफियाचा सदस्य होता. दीक्षा कशी देतात, घराणी कशी रचलेली असतात, कोण कोणाला बांधील असतं, सगळं त्याने सांगितलं होतं. तो जबाब पंचवीस वर्षं धूळ खात पडला होता, आणि ‘लोरा’त छापून आल्यावरही त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. 1984 मध्ये तोम्माझो बुशेत्ता हा माफियाचा मोठा असामी न्यायाधीश जोवान्नी फाल्कोनेंपुढे बोलू लागला, तेव्हा जगाला जे नवं वाटलं, त्यातलं बरंचसं पालेर्मोतल्या या दुपारच्या पेपरच्या वाचकांनी बावीस वर्षांपूर्वी दोन-चार नाण्यांत वाचलेलं होतं.

1970 च्या उन्हाळ्यात दिग्दर्शक फ्रान्चेस्को रोझी इटलीच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख एन्रिको मात्तेई यांच्यावर सिनेमा करण्याच्या तयारीत होता. मात्तेईंचं विमान 1962 मध्ये सिसिलीतल्या कातानियाहून निघालं आणि उत्तरेत उतरण्याआधीच कोसळलं. त्यांचे सिसिलीतले शेवटचे दोन दिवस कसे गेले, कोण भेटलं, ही माहिती जुळवून देण्याचं काम रोझीने दे माउरोवर सोपवलं. तोवर पेपरात त्याच्याकडे गुन्हेगारी जाऊन क्रीडा पान आलं होतं. इटली हादरेल असं काहीतरी हाती लागल्याचं तो सांगत असे, अशी सहकाऱ्यांची आठवण आहे. 16 सप्टेंबर 1970 च्या रात्री तो घरी परतला, दारात मोटार लावली आणि काही माणसांबरोबर पुन्हा निघून गेला. हे त्याच्या मुलीने डोळ्यांनी पाहिलं. तिचं लग्न अगदी तोंडावर आलेलं होतं. मोटार दुसऱ्या दिवशी सापडली. दे माउरो आजवर सापडलेला नाही. त्याच्या अपहरण-खुनाबद्दल लिज्जोचा चेला तोतो रीना याच्यावर खटला चालला, आणि 2011 मध्ये रीना निर्दोष सुटला.

दे माउरो हा पहिला नव्हता. 5 मे 1960 रोजी ‘लोरा’चा तरुण वार्ताहर कोझिमो क्रिस्तिना तेर्मिनी इमेरेझेजवळ रेल्वेच्या रुळांवर मृतावस्थेत मिळाला. वय 24. पोलिसांनी आत्महत्या म्हणून फाईल मिटवली. त्याच्या ओळखीच्यांनी ते कधी मानलं नाही. आणि दे माउरो शेवटचाही नव्हता. 27 ऑक्टोबर 1972 रोजी रागूझा या एरवी शांत म्हणून नावाजलेल्या शहरात जोवान्नी स्पाम्पिनातो आपल्या छोट्या फियाटमध्ये गोळ्या लागून मेला. एका खुनाच्या तपासात शहरातल्या न्यायालयाच्या अध्यक्षांच्या मुलाचं नाव येत होतं आणि ते छापण्याचं धाडस एकट्या स्पाम्पिनातोने केलं होतं. गोळ्या झाडणारा तोच मुलगा. स्पाम्पिनातोला सव्विसावं संपायला दहा दिवस उरले होते म्हणण्यापेक्षा, सव्विसावा वाढदिवस दहा दिवसांवर होता असं म्हणू. त्याच्या घरच्यांनी तसंच मोजलं असणार. राजधानीतल्या बातमीदाराला निदान कचेरीची सोबत असते. जिल्ह्याच्या गावचा वार्ताहर ज्यांच्याबद्दल लिहितो, त्यांच्याच शेजारी संध्याकाळी कॉफी प्यायला उभा राहतो.

निस्तिकोने खुर्ची सोडली त्याच्या आदल्या वर्षी, 1974 मध्ये, पेपरच्या छायाचित्र विभागाची सूत्रं एका बाईने हाती घेतली. लेतित्सिया बत्ताल्या, वय 39, तीन मुलींची आई. पालेर्मोतल्या गुन्ह्याच्या जागी बाई कॅमेरा घेऊन आली की पोलीस तिला अडवत, तेव्हा ती ओरडून वाट काढी. सोबती फ्रांको झेक्किनसह तिने पुढची वर्षं जे टिपलं, त्यात रस्त्यावरची प्रेतं आहेत, दारात उभ्या विधवा आहेत, गरीब वस्तीतल्या मुलीही आहेत. 6 जानेवारी 1980 रोजी सिसिलीचे मुख्यमंत्री पिएर्सान्ती मात्तारेल्ला यांना मोटारीत गोळ्या घातल्या गेल्या. ती योगायोगाने तिथून चालली होती. तिने काढलेल्या फोटोत मरणाऱ्या भावाला मोटारीतून बाहेर ओढणारा जो तरुण प्राध्यापक दिसतो, तो सेर्जो मात्तारेल्ला, 2015 पासून इटलीचा राष्ट्राध्यक्ष. आदल्या वर्षी या जोडीने माफियाच्या बळींच्या फोटोंचं प्रदर्शन थेट कोर्लेओनेच्या चौकात मांडलं होतं. आपापल्या गावात आपापल्या पुढाऱ्यांविरुद्ध फलक लावून पाहिलेल्या कोणालाही त्या चौकातल्या शांततेची कल्पना करता येईल.

तेवढ्यात लिज्जोचे चेले, रीना आणि त्याची मंडळी, पालेर्मो जिंकायला निघाले. 1981 ते 1983 या काळातल्या टोळीयुद्धात शेकडो मुडदे पडले. ‘धोकादायक’ या एका शब्दाला आता पुराव्याची वाण नव्हती. पुरावाच पुरावा होता.

पेपर मात्र आतून खंगत चालला होता. सत्तरच्या दशकात कम्युनिस्ट पक्षाने हात आखडता घेतला. पत्रकार आणि छापखान्यातले कामगार यांनी सहकारी संस्था काढून गाडा ओढला. दूरचित्रवाणीने दुपारचे पेपर इटलीभर मारले होते. संध्याकाळच्या बातम्या घरात फुकट येऊ लागल्यावर दुपारी टपरीपर्यंत कोण जाणार? सिसिलीतल्या जाहिरातदारांना हा पेपर कधीच फारसा प्रिय नव्हता, त्याची कारणं उघड आहेत. कर्ज वाढलं. टीएनटीने जे जमलं नव्हतं ते ताळेबंदाने केलं. 8 मे 1992 रोजी शेवटचा अंक निघाला. मथळा होता ‘अर्रिवेदेर्ची’, म्हणजे ‘येतो आम्ही’. पुन्हा भेटण्याच्या बोलीवर घेतला जातो तो निरोप.

तारीख पाहावी. साल्वो लिमा 12 मार्चला मारला गेला होता. पेपर बंद झाल्यावर पंधराव्या दिवशी, 23 मे रोजी, कापाचीच्या महामार्गावर जोवान्नी फाल्कोने यांना उडवण्यात आलं. 19 जुलैला त्यांचे सहकारी न्यायाधीश पाओलो बोर्सेल्लिनो मारले गेले. सिसिलीच्या आधुनिक इतिहासातल्या सर्वांत मोठ्या दोन बातम्या छापायला ‘लोरा’ नव्हता. ज्यांनी आयुष्यभर या क्षणाची पूर्वसूचना दिली, ती माणसं त्या दुपारी बेकार होती.

पुढल्या वर्षी तपास अधिकारी लेतित्सिया बत्ताल्याच्या घरी आले आणि तिच्या संग्रहातल्या हजारो निगेटिव्ह चाळू लागले. त्यांतून 1979 च्या जूनमधले दोन फोटो निघाले. पालेर्मोजवळच्या एका हॉटेलातला राजकीय समारंभ, आणि त्यात पंतप्रधान जुलिओ आन्द्रेओत्ती यांच्याजवळ उभा असलेला नीनो साल्वो, माफियाशी संबंध असलेला धनाढ्य करवसुलीदार. आन्द्रेओत्ती साल्वोंना कधी ओळखतच नव्हतो असं सांगत होते. आपण तो फोटो काढल्याचं खुद्द बत्ताल्याही विसरली होती. 2003 मध्ये पालेर्मोच्या अपील न्यायालयाने निकाल दिला: 1980 च्या वसंतापर्यंत आन्द्रेओत्तींचे माफियाशी संबंध होते, मात्र मुदत उलटून गेल्याने शिक्षा नाही. ‘लोरा’चे जुने अंक आणि दप्तर आता पालेर्मोच्या प्रादेशिक मध्यवर्ती ग्रंथालयात आहे.